कोल्हापुरात गल्लीबोळातलं खायचंय: वाटाड्या कसा निवडावा, क्रम काय ठेवावा?

उंबरठा (धागाकर्ता)

बंगळुरूहून सहा जण येणार आहेत, कोल्हापुरात मुक्काम दीड दिवस. चार मोठे, दोन मुलं (८ आणि ११ वर्षं). मोठ्यांपैकी एकजण जैन: कांदा, लसूण, बटाटा नाही आणि सूर्यास्तानंतर खाणं नाही. बाकीचे सगळं खातात, पण तिखटाची सवय दोघांनाच. नावाजलेल्या हॉटेलांची यादी नको, ती जालावर ढिगानं पडली आहे. पेठांमध्ये, गाड्यांवर, कट्ट्यांवर लोक जे खातात ते हवंय. स्थानिक माणूस बरोबर घ्यायचा विचार आहे. असा माणूस कसा पारखायचा? चालायचं कुठून कुठे? आणि किती मागवायचं, म्हणजे तिसऱ्याच ठिकाणी हात वर होणार नाहीत?

पेठेतला

आधी घड्याळ लावा, मग नकाशा. मिसळ सकाळी साडेसात ते बारा, फार तर एक. दुपारी चारला मागितलीत तरी एखादा देईल, पण तो कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, सकाळपासून चारदा गरम झालेला असतो. आटतो, खारट होतो आणि मसाला तळाशी बसतो. तांबडा-पांढरा रस्सा दुपारी बारा ते तीन आणि पुन्हा रात्री साडेसातनंतर. भेळ चारनंतर. धारोष्ण दूध दिवेलागणीला. हे चार खुंटे ठोकले की बाकीचं आपोआप मध्ये बसतं.

वाटाड्या पारखायचा सोपा प्रश्न: "मिसळ कुठली चांगली?" नाव सांगून जो थांबतो तो यादीवाला. "कधी जाणार, किती जण, तिखट किती चालतं?" असं उलट विचारतो तो कामाचा. दुसरी खूण, गाडी न काढता पायी चला म्हणणारा. पेठेतलं खाणं सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहे. जो उठून हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात नेतो त्याला तिथे ताटामागे काहीतरी मिळत असतं. यात गैर काही नाही, धंदा आहे. फक्त तुम्हाला हवंय ते त्यात नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्या. माणशी दर आणि गटाचा एकरकमी दर यात सहा जणांना एकरकमी परवडतो. खाण्याचे पैसे त्यात धरलेत की वेगळे, हे स्पष्ट करा. वेगळेच ठेवा. आत धरले की वाटाड्या नकळत स्वस्त आणि पोटभरीच्या गोष्टींकडे वळतो.

रंकाळाकाठ

रस्ता असा धरा. गाडी बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावा, पुढे आत नेऊ नका. महाद्वार रोडला सणावारी आणि शनिवार-रविवारी गाडी अडकली की अर्धा तास गेला. नवरात्रात तर हा बेत आखूच नका, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगांनी सगळा भाग व्यापलेला असतो.

सकाळ: बिंदू चौक, भवानी मंडप, तिथून पेठेत मिसळ, मग महाद्वार रोडवरून कपिलतीर्थ मंडई. मंडईत खायचं कमी आणि बघायचं जास्त. गुळाच्या ढेपा, जवारी मिरची, शाळूचं पीठ.

संध्याकाळ: खासबाग मैदानापाशी भेळ आणि वडा. मग महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश. गंगावेशीत दूध. पाय शाबूत असतील तर रंकाळ्यावर चक्कर. नसतील तर रिक्षा.

पुष्कळ जण उलटं करतात. आधी रंकाळा, सूर्यास्त, फोटो. चौपाटीवर पोट भरतं ते कुठल्याही गावच्या पाणीपुरीनं, आणि खासबागेत पोचेपर्यंत भूक संपलेली असते.

खर्डा_भाकरी

मिसळीबद्दल थोडं, कारण बाहेरचा माणूस तिथेच फसतो.

कोल्हापुरात मिसळ म्हणजे कट. मटकी असते, पण ती आधाराला. ताटलीत तळाला मटकीची उसळ, काही ठिकाणी बटाट्याची भाजी, वर चिवडा-फरसाण, कच्चा कांदा, कोथिंबीर, आणि हे सगळं बुडेल एवढा कट. सोबत पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस. त्याला कारण आहे. स्लाइस कट भराभर शोषते आणि हातात टिकते. पाव आत कोरडा राहतो, बाहेर विरघळतो.

खायची रीत: पहिला घास चमच्यानं, फरसाण कुरकुरीत असतानाच. मग ब्रेड. कट संपत आला की पुन्हा मागायचा, तो मिळतो. पण तीन माणसांत एक ताटली घेऊन पाच वेळा कट मागणं गर्दीच्या वेळी मालकाला चालत नाही. वाटाड्यानं आधी सांगून ठेवावं: "सहा जण आहेत, तीन मिसळ, कट वेगळ्या वाटीत." तिखट न सोसणाऱ्याला हाच मार्ग. "कमी तिखट करा" म्हणून उपयोग नाही, कट एकाच पातेल्यात असतो. उसळ आणि फरसाणावर दोन चमचे कट, वर दही, लिंबू. बास.

तवंग बघून घाबरू नका, तसंच तवंग बघून भुलूही नका. चांगल्या कटाचा तवंग लालबुंद आणि पातळ असतो, चमच्यानं बाजूला सारला की खालचा रस्सा दाट तपकिरी दिसतो. खालचा रस्सा पाण्यासारखा आणि वर बोटभर तेल, म्हणजे रंगीत तेल वरून ओतलंय.

मटकीमोड

> खालचा रस्सा पाण्यासारखा आणि वर बोटभर तेल

हे घरी करतानाही होतं, म्हणून प्रमाण देतो. सहा जणांसाठी:

मटकी पाव किलो, आठ-दहा तास भिजवून फडक्यात बारा-पंधरा तास. मोड आखूडच हवेत, लांबले की उसळ गोडसर लागते.

कटासाठी मध्यम कांदे ३, सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ २ चमचे, खसखस १ चमचा, लसूण १५-२० पाकळ्या, आलं दीड इंच, मूठभर कोथिंबीर. कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजायचं. एकत्र टाकलं तर कांदा शिजेपर्यंत खोबरं जळतं, आणि जळक्या खोबऱ्याची चव नंतर काही केल्या जात नाही. तेल दीडशे मिली. वाटण तेलात इतकं परतायचं की कडेनं तेल सुटावं. मग गॅस बारीक करून कांदा-लसूण चटणी ३ चमचे, ब्याडगी मिरचीची पूड २ चमचे. अर्धा मिनिट. लगेच उकळतं पाणी, पावणेदोन ते दोन लिटर.

बिघडतं ते दोनच जागी. गार पाणी ओतलं की तेल वाटणातच अडकतं, वर येत नाही. आणि मिरचीपूड कडकडीत तेलात पडली की काळी पडते, कट कडू होतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून पूड तेलातच घालायची, पण तेल जरा निवल्यावर. नंतर वीस मिनिटं मंद उकळी. झाकण अर्धं.

उंबरठा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. "चटणी" म्हणजे तिखट ना? आणि संध्याकाळी सहा जणांत किती मागवायचं ते कुणी सांगेल का?

पेठेतला

हो. कोल्हापुरात लाल तिखट मसाल्याला चटणी म्हणतात आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याला खर्डा. गाड्यावर "चटणी द्या" म्हणालात तर लाल भुकटी येईल, नारळाची नव्हे.

संध्याकाळचं प्रमाण सहा जणांना असं धरा: भेळ २, कटवडा २, साधा वडा २, लोणी डोसा १ मुलांसाठी, दुधाचे ३ ग्लास वाटून. यापेक्षा जास्त मागवू नका. वाटाड्या "अजून एक घ्या" म्हणत असेल तर रात्रीच्या रश्श्याची आठवण करून द्या.

हळद_आणि_भडंग

सांगलीकर आहे, तरी बोलतो.

कोल्हापुरी भेळ मुंबईच्या भेळेसारखी गोडसर ओली नसते. चुरमुरे, फरसाण, बारीक कांदा, टोमॅटो, हंगामात कैरी, चिंच-गुळाचं पाणी, हिरव्या मिरचीचा खर्डा, कोथिंबीर, वर शेव. चिंचेचं पाणी घट्ट हवं आणि बेतानं. मूठभर चुरमुऱ्याला दोन चमचे. हात जरा सैल पडला की भेळ दोन मिनिटांत लगदा. म्हणून भेळ बांधून घेऊन रंकाळ्यावर बसून खायची कल्पना सोडा. गाड्याशी उभं राहायचं, तीन-चार मिनिटांत संपवायची. बांधूनच न्यायची तर सुकं वेगळं आणि पाणी वेगळं मागा, देतात.

चुरमुऱ्यांची पारख: चिमटीत दाबला की कट्‌ आवाज करून तुटला पाहिजे. वाकला तर हवा लागलेला. पावसाळ्यात हे बघाच, जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा चुरमुऱ्याची वैरी आहे.

भडंग वेगळा, तो भेळ नव्हे. चुरमुरे लसूण, शेंगदाणे, तिखट-मीठ-साखरेच्या फोडणीत परतलेले. तो सांगली-जयसिंगपूरकडचा. एवढं श्रेय द्या.

खर्डा_भाकरी

दिलं श्रेय. दोन पाकिटं पाठवा.

जुनी_कढई

कटवड्याबद्दल. नुसता वडा कटात टाकला की कटवडा होतो असं नाही. कटात जायचा वडा वेगळा तळावा लागतो. आवरण जरा जाड, पिठात सोडा अजिबात नाही. सोडा घातला की आवरणाला भोकं पडतात, तळताना वडा तेल पितो आणि कटात पडला की आवरण गळून बटाटा मोकळा होतो. डाळीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ आणि चमचाभर कडक तेलाचं मोहन. तळलेला वडा दोन-तीन मिनिटं निथळू द्यायचा, मग ताटलीत ठेवून वरून उकळता कट. आधीपासून कटात बुडवून ठेवलेले वडे कुठे दिसले तर पुढे चला.

आता कढई. गाड्यावर पहिल्यांदा तिच्याकडे बघा. तेल काळं आहे का हे पुरेसं नाही, संध्याकाळच्या उजेडात सगळंच काळं दिसतं. वडा सोडल्यावर बुडबुडे येतात ते मोठे असून पटकन फुटत असतील तर तेल ठीक. बारीक, साबणासारखा, न विरणारा फेस चढत असेल आणि डोळ्यांना धूर झोंबत असेल तर ते तेल संपलेलं. अन्नसुरक्षेचा नियम असा आहे की तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. गाड्यावर कुणी मोजत बसत नाही, पण फेस सांगतो.

वडा छापील कागदावर देत असतील तर ताटली मागा. शाई गरम तेलात सुटते.

तालीमवाला

गंगावेशीच्या दुधाबद्दल कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून.

संध्याकाळी कट्ट्याशी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना धार काढतात. भांड्यातून थेट ग्लासात, वर बोटभर फेस. दूध अंगाच्या उष्णतेचं, म्हणून धारोष्ण. या भागात तालमी पुष्कळ. पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदाम, थंडाई, त्यातूनच ही सवय गावाला लागली.

म्हैस बघून घ्या. लांब, तलवारीसारखी, पाठीकडे वळलेली, खांद्याच्या मागे जाणारी शिंगं दिसली तर ती पंढरपुरी. ही जात या कामाला का चालते, तर ती रस्त्यावरच्या गोंगाटात, रेडकू जवळ नसताना, थोडं-थोडं करून बराच वेळ दूध देते. दुसऱ्या म्हशी अशा जागी पान्हा चोरतात.

तिखटानंतर दूध का, हेही सांगतो. मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, पाणी प्यायलं की ती तोंडभर पसरते. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं ती धरून नेतात. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. म्हणून भेळ-कटवडा आधी आणि गंगावेस नंतर, हा क्रम उलटवू नका. दूध आधी प्यायलात तर पोट तिथेच भरतं आणि वर आंबट भेळ गेली की मळमळतं.

ग्लास मोठा असतो. सवय नसलेल्यानं अर्धाच घ्यावा.

सावध_पाहुणा

दूध कच्चं असतं, हे स्पष्ट लिहायला हवं होतं. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. लहान मुलं, गरोदर बाई, नुकताच आजारातून उठलेला माणूस, यांना कच्चं दूध देऊ नये. "पैलवान पितात" हे उत्तर नाही, त्यांच्या पोटाला वर्षानुवर्षांची सवय असते.

तालीमवाला

मान्य. मुलांना कट्ट्यावरचं देऊ नका. बघायला जरूर न्या, आठ वर्षांच्या मुलाला धार काढताना बघण्यातच मजा आहे. प्यायला जवळपास कढईतलं आटवलेलं दूध मिळतं, गरम, साय घातलेलं. तेही तिखटावर तितकंच चालतं. आणि दूध पचत नाही हे ज्याला ठाऊक आहे त्यानं हट्टानं "एकदा तरी" करू नये. दुसऱ्या दिवशी तुमचा प्रवास आहे.

उंबरठा

आता जैन पाहुणीचं सांगा. तिनं दीड दिवस फक्त बघतच बसायचं का?

रंकाळाकाठ

मुळीच नाही. या भागात जैन वस्ती जुनी आणि मोठी आहे, गाडेवाल्याला "जैन" म्हटलं की कळतं. तरी कुठे काय चालतं ते नेमकं सांगतो.

मिसळ नाही. कांदा काढून चालणार नाही, कटाचं वाटणच कांदा-लसणाचं. वडा नाही. भेळ चालेल: कांदा नाही, खर्ड्यात लसूण आहे का विचारायचं, असेल तर नुसती हिरवी मिरची वाटून. फरसाणात लसणाची शेव मिसळलेली असते, ते बघायचं. लोणी डोसा चालतो, पण बटाट्याची भाजी नको आणि खोबऱ्याच्या चटणीत लसूण आहे का हे विचारूनच. ज्वारीची भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी लसणाशिवाय मिळाली तर उत्तम. उसाचा रस आलं न घालता. गूळ, काकवी, भाजलेले शेंगदाणे.

तिच्यासाठी संध्याकाळ साडेतीन-चारलाच सुरू करा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, गंगावेशीत दूध निघेपर्यंत तिची वेळ संपलेली असते. म्हणून वाटाड्याला आधी सांगायला हवं. आयत्या वेळी सांगितलं की तो गोंधळतो आणि तिच्या हातात वेफर्सचं पाकीट येतं.

खर्डा_भाकरी

आता रस्सा. हा रस्त्यावरचा नव्हे, खानावळीतला, पण त्याशिवाय पाहुण्यांना परत पाठवता येत नाही.

ताटात तांबडा, पांढरा, सुकं मटण किंवा मटणाचं लोणचं, भाकरी किंवा चपाती, शेवटी भात. रस्सा वाटीनं येतो आणि पुन्हा पुन्हा वाढतात. पहिल्यांदा येणारा पांढरा सूप समजून एका दमात तीन वाट्या पितो आणि भाकरी आल्यावर बघत बसतो. आलटून पालटून घ्यायचा. तांबड्यानं तोंड पेटलं की पांढरा.

दोन्हींचं मूळ एकच, अळणी. म्हणजे मटण आलं-लसूण-मीठ घालून शिजवलेलं पाणी. त्यातलं अर्धं तांबड्याला, अर्धं पांढऱ्याला. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण, फोडणीला खडा मसाला. अळणीत हळद अगदी नावाला, नाहीतर पांढरा पिवळा होतो.

खानावळ पारखायची खूण पांढऱ्यातच. तो फाटला असेल, म्हणजे वर पांढरे कण आणि खाली निवळ पाणी, तर नारळाचं दूध घालून खळखळ उकळवलाय किंवा सकाळचा पुन्हा तापवलाय. चमच्याला हलका थर धरेल इतपत आणि एकजीव हवा. मैद्यानं किंवा कॉर्नफ्लोअरनं दाट केलेला जिभेला चिकट लागतो, गार झाला की साय धरल्यासारखा गोठतो.

सहा जणांत मटण खाणारे किती, तेवढीच ताटं सांगा. ताट वाटून घेऊ देत नाहीत, रस्सा हवा तेवढा असल्यामुळे ते बरोबरही आहे.

पेठेतला

वार बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं खात नाहीत. खानावळी चालू असतात, पण उठाव कमी, म्हणजे मटण आदल्या दिवशीचं निघायची शक्यता जास्त. रविवारी दुपारी एकला गेलात तर तास-दीड तास उभं राहाल. साडेअकराला जाऊन बसा.

अर्धीभाकरी

रक्ती-मुंडीचं कुणीच बोललं नाही. खरं गल्लीतलं खाणं ते. पाहुण्यांना दाखवायला लाजता काय?

खर्डा_भाकरी

लाजायचं कशाला. पण ते सगळ्यांचं नव्हे, म्हणून मागे ठेवलं होतं. रक्ती म्हणजे बकऱ्याचं गोठलेलं रक्त, उकडून, तुकडे करून कांदा-चटणीत परतलेलं. मुंडी म्हणजे डोक्याचं मांस. संध्याकाळच्या गाड्यांवर मिळतं, भाकरीबरोबर. दोन गोष्टी बघा. रक्ती ताजीच खायची, तवा तापलेला आणि गिऱ्हाईक सारखं येत असलेल्या जागी. आणि तुकडा आतपर्यंत एकसारखा गडद तपकिरी हवा, मध्ये लालसर ओला राहिला असेल तर परत तव्यावर टाकायला सांगा. चव काळजासारखी, पोत घट्ट पनीरसारखा. वाटाड्यानं आधी सांगावं की हे काय आहे. खाऊ घालून मग "ओळखा बघू" म्हणणारा वाटाड्या असेल तर त्याला तिथेच निरोप द्या.

उंबरठा

दोघांना उत्सुकता आहे, बाकीचे लांबून बघतील. मुलांसाठी शेवट गोड कुठे?

रंकाळाकाठ

कॉकटेल मागा. घाबरू नका, दारूचा संबंध नाही. घट्ट मिल्कशेक, फळांचे तुकडे, जेली, वर आइस्क्रीम, सुकामेवा, उंच ग्लासात लांब चमचा घालून. दोन मुलांत एक पुरतो. वेगळाच घ्या, गंगावेशीच्या दुधानंतर लगेच नको. मध्ये तासभर चालणं असावं.

हिवाळ्यात येत असाल तर दुसऱ्या सकाळी शहराबाहेर गुऱ्हाळ गाठा. साधारण नोव्हेंबर ते मार्च. रस कढईत आटतो, वर आलेली मळी झाऱ्यानं काढतात, मग काकवी, मग गूळ. गरम गुळाला शेंगदाणे लावून खायला मिळतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. तो रसायनानं उजळलेला असतो. तपकिरी, जरा ओलसर, फोडल्यावर दाणेदार, तो घ्या.

सावध_पाहुणा

पाण्याचं राहिलं. प्रत्येकी एक लिटरची बाटली बरोबर ठेवा, गाड्यावरच्या पिंपातलं नको. लिंबू, हात पुसायला जुनं सुती फडकं (कागदी रुमालानं कटाचं तेल निघत नाही) आणि सुटे पैसे. ऑनलाइन पैसे सगळीकडे चालतात, पण गर्दीत नेट गेलं की सहा माणसं गाडा अडवून उभी राहतात. पांढरे कपडे नकोत, हे सांगायला लागू नये.

मिसळीनंतर मुलांनी डोळे चोळले तर आधी साबणानं हात धुवा, मगच डोळे पाण्यानं. नाहीतर तेच तिखट पुन्हा डोळ्यात जातं.

उंबरठा

शेवटचा प्रश्न. बंगळुरूला काय नेता येईल? एकजण पांढरा रस्सा बांधून न्यायचं म्हणतोय.

मटकीमोड

पांढरा नेऊ नका. बारा-चौदा तासांच्या गाडीत नारळाचं दूध आंबतं, न आंबलं तर तापवताना फाटतं. चटणी न्या.

चटणी घेताना पाकिटापेक्षा डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटलेली मिळाली तर ती घ्या. मार्च ते मे गल्लोगल्ली डंक चालू असतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, हे तिघांचं प्रमाण विचारा. सवय नसेल तर ब्याडगी निम्म्याहून जास्त असलेली मागा. हातात घेऊन मुठीत दाबा: मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच मोडला, तर तेल बरोबर. ओलसर चिकट गोळा राहिला तर कांदा पुरता तळला-वाळलेला नाही, महिन्याभरात बुरशी धरेल.

घरी गेल्यावर काचेच्या बरणीत दाबून भरा, वर तेलाचा पातळ थर, हिंगाचा एक खडा. चमचा कोरडा. ओला चमचा एकदा गेला की बरणी गेली.

पेठेतला

आणि प्रवासात दोन पिशव्यांत बांधा, कपड्यांपासून लांब. वास आठवडाभर जात नाही.